गुणसूत्र वाचताना

फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी काढायची, काचपट्टीवर दाबून पसरायची आणि तिच्यातली गुणसूत्रं वाचायची, हे माझं काम. नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. शिकवण्यातून उरलेला वेळ ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या माशीला देते. पिकल्या केळ्यांभोवती जी चिलटं घोंगावतात, ती म्हणजे हीच माशी किंवा तिच्या जवळच्या जाती. जनुक कामाला लागतं तेव्हा गुणसूत्रावर काय घडतं, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहता येईल अशा जागा सजीवांमध्ये फार थोड्या आहेत. या अळीची लाळग्रंथी त्यांतली एक. एवढ्याच कारणासाठी मी आयुष्याची इतकी वर्षं तिच्यापाशी काढली, आणि ती सार्थकी लागली असं मला मनापासून वाटतं.

आपल्या पेशींमधली गुणसूत्रं दिसतात ती पेशी विभागताना, कारण तेव्हा ती आखडून जाड होतात. पण नेमक्या त्याच वेळी त्यांच्यावरची जनुकं जवळजवळ गप्प असतात. काम चालू असतं तेव्हा गुणसूत्र इतकं विरळ पसरलेलं असतं, की साध्या सूक्ष्मदर्शकाला ते सापडतच नाही. लाळग्रंथीच्या पेशीत ही अडचण नाही. अळीचा कोष होताना तिला स्वतःला काचेला किंवा सालीला चिकटवून घ्यायचं असतं. त्यासाठी लागणारा डिंकासारखा चिकट पदार्थ ही ग्रंथी भरपूर बनवते. म्हणून या पेशी विभागत नाहीत, नुसत्या मोठ्या होत जातात. त्यांतला डीएनए सुमारे दहा वेळा दुप्पट होतो आणि तयार झालेले हजारावर धागे वेगळे न होता एकमेकांना लागून राहतात. पोचमपल्ली साडीचा धागा विणण्याआधीच रंगवलेला असतो. एकटा धागा पाहिला तर त्यावर नुसते ठिपके दिसतात. शेकडो धागे नेमके जुळवून शेजारी लावले, की नक्षी उमटते. लाळग्रंथीच्या गुणसूत्राचं तसंच आहे. जिथे धागा घट्ट गुंडाळलेला, तिथे सगळेच धागे घट्ट, म्हणून गर्द पट्टा. जिथे तो सैल, तिथे फिकी जागा. जनुक जोरात कामाला लागलं, की ती जागा फुगते. या फुगवट्याला प्रयोगशाळेत सगळे ‘पफ’ म्हणतात.

काचपट्टी चांगली व्हायची तर सुरुवात अळीच्या खाण्यापासून करावी लागते. मक्याचं पीठ, गूळ, अगार आणि यीस्ट शिजवून बाटल्यांत ओतायचं. बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल घालायचं. बाटलीत गर्दी होऊ द्यायची नाही, वरून जास्तीचं यीस्ट द्यायचं आणि बीओडी इन्क्युबेटर १८ अंशांवर ठेवायचा. थंडाव्यात अळी सावकाश वाढते आणि चांगली धष्टपुष्ट होते. तिसऱ्या अवस्थेच्या शेवटी ती खाणं सोडून काचेवर चढू लागते. तीच उचलायची. सलाइनच्या थेंबात तिला एका चिमट्याने मधोमध धरायचं, तोंडाच्या काळ्या आकड्यांपाशी सुई टेकवायची आणि हलकेच ओढायचं. मेंदू आणि आतड्यासोबत दोन लांबट, पारदर्शक पिशव्या बाहेर येतात. त्यांना चिकटलेली चरबी काढून टाकायची. मग ४५ टक्के ॲसिटिक आम्ल, ॲसिटो-ऑर्सिनचा रंग, कव्हरस्लिप, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोके, टिपकागद आणि शेवटी अंगठ्याचा सरळ दाब. कव्हरस्लिप आडवी सरकली तर गुणसूत्रांचे तुकडे होऊन गोळा होतो. दाब किती द्यायचा हे मी मुलांना सांगू शकत नाही. त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली ठेवून तेवढं दाखवते.

जमलेल्या काचपट्टीत मधोमध गर्द क्रोमोसेंटर असतं. त्यातून पाच लांब बाहू निघतात: एक्सचा एक, दुसऱ्या गुणसूत्राचे दोन, तिसऱ्याचे दोन. चौथं गुणसूत्र इतकं आखूड, की ते क्रोमोसेंटरजवळच सापडतं. एदुआर बाल्बियानी यांनी कायरोनोमस या माशीच्या अळीत अशी गुणसूत्रं १८८१मध्येच पाहिली होती. (कायरोनोमसच्या लाल अळ्या आपल्याकडे साचलेल्या गटाराच्या गाळात मिळतात. कित्येक महाविद्यालयांतली मुलं आजही पहिली काचपट्टी त्यांचीच करतात.) पण ही गुणसूत्रंच आहेत आणि त्यांच्यावर जनुकांच्या जागा दाखवता येतात, हे उमगायला १९३३ उजाडलं. त्या वर्षी जर्मनीत हाइट्झ आणि बाउअर यांनी, आणि अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात थिओफिलस पेंटर यांनी हे दाखवून दिलं. १९३५मध्ये कॅल्विन ब्रिजेस यांनी सगळ्या गुणसूत्रांचा नकाशा काढला. त्याचे १०२ भाग, प्रत्येक भागाचे ए ते एफ असे सहा उपभाग, आणि उपभागातल्या प्रत्येक पट्ट्याला क्रमांक. नव्वद वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हाताने काढलेला हा नकाशा आम्ही आजही वापरतो. आमच्या भिंतीवर त्याची मोठी प्रत आहे. ‘७४ईएफ’ किंवा ‘८७ए’ म्हटलं, की ड्रोसोफिलावर काम करणारा जगातला कुणीही बोट नेमकं त्याच ठिकाणी ठेवतो.

हा नकाशा पाठ होत नाही, तो ओळखीचा होतो. प्रत्येक बाहूचं टोक वेगळं. एक्सवर ११एपाशी गुणसूत्र पटकन तुटतं. कुठे जाड पट्ट्यांची जोडी, कुठे लांब फिकी पट्टी. सुरुवातीला सगळं सारखंच वाटतं. मग एखाद्या दिवशी नकाशाकडे न पाहता ‘हा थ्री-एल’, म्हणजे तिसऱ्याचा डावा बाहू, असं तोंडातून निघतं. मुलांच्या चेहऱ्यावर हा क्षण येताना पाहणं मला आजही अतिशय आवडतं. नकाशा ओळखीचा झाला, की त्यावरचे बदल दिसू लागतात, आणि खरा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो.

पट्टे सगळीकडे तेच, पण पफ वेगळे. वोल्फगांग बेअरमान यांनी १९५२मध्ये कायरोनोमसच्या वेगवेगळ्या अवयवांमधली गुणसूत्रं शेजारी ठेवून हे दाखवलं. सगळ्या पेशींत जनुकं सारखीच असताना एक पेशी लाळेची आणि दुसरी आतड्याची का होते, या प्रश्नाचा मागोवा त्यामुळे डोळ्यांनी घेता येऊ लागला. पुढे १९६०मध्ये क्लेवर आणि कार्लसन यांनी अळीला एक्डायसोन हे कात टाकायला लावणारं संप्रेरक टोचलं, आणि थोड्याच वेळात ठरावीक ठिकाणी पफ उठले. संप्रेरक थेट गुणसूत्राशी बोलतं, ही त्या काळी थरारून टाकणारी गोष्ट होती.

मायकेल ॲशबर्नर यांनी ड्रोसोफिलाच्या पफांचं जे वेळापत्रक मांडलं, ते मी दरवर्षी मुलांकडून करून घेते. नुकत्याच काचेवर चढलेल्या अळीत ६८सीचा पफ मोठा असतो. चिकट पदार्थाची काही जनुकं तिथेच आहेत. एक्डायसोन वाढलं, की तो ओसरतो आणि ७४ईएफ व ७५बी फुगतात. हे ‘अर्ली’ पफ. काही तासांनी तेही बसतात आणि दुसरीकडे कितीतरी ‘लेट’ पफ उठतात. ॲशबर्नर यांनी ग्रंथी काढून संप्रेरकाच्या द्रावात ठेवल्या आणि प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं. अर्ली पफ आले, पण बसले नाहीत. लेट पफ आलेच नाहीत. म्हणजे पहिल्या फळीच्या जनुकांनी बनवलेली प्रथिनंच दुसऱ्या फळीला उठवतात आणि स्वतःचं कामही थांबवतात. १९७४मध्ये मांडलेला हा सिद्धांत बव्हंशी पफांच्या निरीक्षणावर उभा होता. ती जनुकं हाती आली कित्येक वर्षांनी, आणि सिद्धांत टिकला. केवळ पाहण्यातून इतकं दूरवर जाता येतं, हे मुलांना कळावं म्हणून मी वेगवेगळ्या वयाच्या अळ्यांच्या काचपट्ट्या ओळीने लावून ठेवते.

दुसरा प्रयोग नागपूरकरांना वेगळा समजवावा लागत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, वीज गेली की बीओडी बंद पडतो, आणि लॅबमधले मामा माश्यांच्या बाटल्या उचलून ओल्या गोणपाटाखाली ठेवायला धावतात. तिशीच्या पुढे या माशीचे नर वांझ होऊ लागतात. अळीच्या गुणसूत्रावर उष्णता लगेच उमटते. नेपल्सच्या प्रयोगशाळेत फेरूचियो रितोसा यांच्या ग्रंथी ठेवलेल्या इन्क्युबेटरचं तापमान कुणीतरी वाढवलं, आणि त्यांना कधी न पाहिलेले पफ दिसले. १९६२मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मेलॅनोगॅस्टरची अळी ३७ अंशांवर ठेवली, तर काही मिनिटांत ८७ए आणि ८७सी फुगू लागतात आणि आधीचे बहुतेक पफ ओसरतात. पेशी आपलं रोजचं काम बाजूला ठेवून एकाच कामाला लागते. १९७४मध्ये टिसिएर, मिचेल आणि ट्रेसी यांना कळलं, की त्याच वेळी ठरावीक प्रथिनं जोरात बनतात. तीच पुढे हीट शॉक प्रथिनं म्हणून ओळखली गेली. माणसापासून जिवाणूपर्यंत सगळ्यांकडे ती आहेत.

उष्णतेच्या पफांतला एक मला विशेष जवळचा, कारण त्याची गोष्ट भारतात घडली. कोलकाता विद्यापीठात एस. सी. लखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांना आढळलं, की बेन्झामाइड हे रसायन दिलं तर एकटा ९३डी फुगतो. बाकीचे उष्णतेचे पफ जागचे हलत नाहीत. हे १९७०मध्ये छापून आलं. लखोटिया पुढे वाराणसीला काशी हिंदू विद्यापीठात गेले आणि या एका जागेचा पिच्छा त्यांनी दशकानुदशकं सोडला नाही. तिथल्या जनुकाचा आरएनए भरपूर बनतो, पण त्यापासून नावाजण्याजोगं प्रथिन बनत नाही. केंद्रकात राहून तो आरएनए प्रक्रियेच्या प्रथिनांना आपल्यापाशी गोळा करतो. प्रथिन न बनवणारा डीएनए म्हणजे अडगळ, असं सगळीकडे म्हटलं जात होतं, तेव्हा आपल्या देशातल्या एका प्रयोगशाळेत काचपट्टीवरचा पफ उलटं सांगत होता, आणि त्याचं ऐकणारी माणसं तिथे होती. मला याचा अभिमान वाटतो.

इथवर आलं, की वर्गातलं कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, गुणसूत्र उघडतं म्हणून जनुक काम करतं, की जनुक काम करतं म्हणून गुणसूत्र उघडतं?” या प्रश्नासाठीच मी शिकवते, असं म्हटलं तरी चालेल. ॲक्टिनोमायसिन देऊन आरएनए बनणं थांबवलं, तर पफ उठत नाही. म्हणजे तो भलामोठा फुगवटा हा कामाचा परिणाम. तयार होणारा आरएनए आणि त्याभोवतीची प्रथिनं तिथे साठतात. पण गोष्ट इथे संपत नाही. कॉर्नेल विद्यापीठात पेटेश आणि लिस यांनी २००८मध्ये दाखवलं, की उष्णता लागताच ८७च्या त्या जनुकांवरून न्यूक्लिओसोम, म्हणजे ज्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या, अर्ध्या मिनिटाच्या आत सुटू लागतात. आरएनए बनवणारं यंत्र पुढे सरकायच्या आधीच हे घडतं. पहिलं सैल होणं कामाच्या आधीचं, आणि डोळ्यांना दिसणारं फुगणं कामानंतरचं. सूक्ष्मदर्शकातून दुसरं दिसतं, पहिलं दिसत नाही.

आणि रचनेमुळेच जनुक गप्प बसल्याचं उदाहरण तर आमच्या फळीवरच असतं. हर्मन मलर यांनी १९३०मध्ये क्ष-किरण दिलेल्या माश्यांत लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या डोळ्यांच्या माश्या नोंदवल्या. डोळ्याला लाल रंग देणारं ‘व्हाइट’ हे जनुक एक्सवर ३सीमध्ये असतं. या माश्यांत ते धडधाकट आहे. फक्त गुणसूत्राचा तुकडा उलटा बसल्याने ते सेंट्रोमिअरजवळच्या घट्ट भागाशेजारी, हेटरोक्रोमॅटिनपाशी, जाऊन पडलं. काही पेशींत ते काम करतं, काहींत नाही. अशाच हललेल्या तुकड्यांची लाळग्रंथीत काचपट्टी केली, तर काही पेशींत त्यांच्यावर पट्टे नीट दिसतात, आणि काहींत तो भाग गर्द होऊन क्रोमोसेंटरमध्ये मिसळलेला असतो. याच माश्या १८ अंशांवर वाढवल्या, तर डोळ्यात पांढरं जास्त. २८-२९ अंशांवर लाल जास्त. एका आठवड्यात दोन बाटल्या लावायच्या आणि पुढे डोळे पाहायचे, इतका सोपा हा प्रयोग आहे. सारा एल्गिन यांच्या प्रयोगशाळेला १९८६मध्ये क्रोमोसेंटरवर ठळकपणे बसणारं एचपी-वन हे प्रथिन सापडलं. त्याचं जनुक बिघडलं, की गप्प जनुकं पुन्हा बोलू लागतात. इथे शेजार ठरवतो, जनुक नव्हे.

नराचा एक्स दाखवताना मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं. अळी नर की मादी हे तिच्या अंगातून आरपार दिसतं. नराच्या चरबीत मागच्या बाजूला लंबगोल स्वच्छ डाग असतो, तो वृषण. मादीत दोन एक्स जोडीने राहतात; नराचा एकच, तरी तो जवळजवळ तितकाच रुंद दिसतो, आणि रंगाने फिका. १९६५मध्ये मुखर्जी आणि बेअरमान यांनी किरणोत्सारी युरिडीन वापरून मोजलं: नराचा एकटा एक्स मादीच्या दोन एक्सइतका आरएनए बनवतो. नंतर कळलं, की नराच्या एक्सवर प्रथिनं आणि आरएनए मिळून झालेला एक संच बसतो, आणि न्यूक्लिओसोममधल्या हिस्टोन एच-फोर या प्रथिनाच्या सोळाव्या लायसिनवर ॲसिटिल गट चिकटवतो. १९९२मध्ये ब्रायन टर्नर आणि सहकाऱ्यांनी या खुणेचं प्रतिपिंड लावलं, तेव्हा सगळ्या गुणसूत्रांमधून नराचा एक्स उठून दिसला. हे एखाद्या जनुकाचं उघडणं नाही; अख्खं गुणसूत्र किंचित सैल होतं आणि त्यावरची बहुतेक जनुकं सुमारे दुप्पट काम करतात.

गेल्या दशकभरात या अभ्यासाला नवी साधनं मिळाली. हाय-सी या पद्धतीने गुणसूत्राचा कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला स्पर्श करतो हे मोजता येतं. त्यातून कळलं, की गुणसूत्र टॅड नावाच्या कप्प्यांत घडी घातलेलं असतं. २०१५मध्ये ईगन, हार्टल आणि कॉर्नबर्ग यांनी लाळग्रंथीच्या गुणसूत्रांवर हाय-सी केलं, तेव्हा हे कप्पे आणि ब्रिजेस यांचे पट्टे जुळत असल्याचं दिसलं. भिंतीवरच्या त्या नकाशाकडे मी त्या दिवशी नव्या डोळ्यांनी पाहिलं.

पण चार वर्षांनी हायडेलबर्गहून आलेल्या एका निबंधाने मला जास्त विचार करायला लावलं. आयलीन फरलॉन्ग यांच्या गटाने बॅलन्सर गुणसूत्रं तपासली. ही गुणसूत्रं ठिकठिकाणी तोडून उलटसुलट जोडलेली असतात. वाण शुद्ध ठेवण्यासाठी ती जगभरातल्या ड्रोसोफिला प्रयोगशाळांत वापरतात. आमच्या बाटल्यांत कुरळ्या पंखांच्या माश्या असतात, त्या याच. काचपट्टीवर त्यांची गुणसूत्रं जोडीदाराशी जुळण्यासाठी वेटोळी घालतात आणि वाचताना नाकी नऊ आणतात. त्यांच्यात कितीतरी कप्पे मोडलेले आहेत, शेजार बदललेले आहेत. तरीही बहुतेक जनुकांच्या कामात फारसा फरक पडलेला नव्हता. घडी मोडली आणि काम चालूच राहिलं. हे उत्तर माझ्या फळीवर इतकी वर्षं जिवंत होतं. तो प्रश्न त्या माश्यांना विचारायचा, हे आधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

म्हणून आता कुणी विचारलं, की रचना कामाला घडवते की काम रचनेला, तर मी एका वाक्यात उत्तर देत नाही. ठिपक्यांच्या डोळ्यात शेजार ठरवतो. मोठा पफ कामामागून येतो, आणि त्याआधीचं पहिलं सैल होणं कामाची वाट मोकळी करतं. नराच्या एक्सवर एक रासायनिक खूण अख्ख्या गुणसूत्राची लय बदलते. बॅलन्सरमध्ये घडी मोडूनही जनुकं आपलं काम करत राहतात. यांतला कुठलाही एक धडा दुसऱ्यावर लादला, की चुकीचं शिकलं जातं. प्रत्येक जागेला तिचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

हल्ली पुष्कळ ठिकाणी हे प्रात्यक्षिक चित्रावर किंवा तयार काचपट्टीवर उरकलं जातं. वेळ वाचतो, पण तयार चित्रात कुणीतरी आधीच बाण काढून ‘पफ’ असं लिहिलेलं असतं, आणि पाहण्याचं काम तिथेच संपतं. माझ्या विद्यार्थ्यांनी अळी स्वतः उचलावी, ग्रंथी स्वतः काढावी, आणि जर्नलच्या डाव्या पानावर जे दिसलं तेवढंच लिहावं. ‘८७ए फुगलेला आहे’ हे डाव्या पानावर. ‘८७एचं जनुक उष्णतेमुळे उघडलं’ हे उजव्या पानावर, आणि त्याच्याखाली हे कशावरून म्हणतो ते. ब्रिजेस यांचं डावं पान नव्वद वर्षांनंतरही खरं आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र प्रत्येक पिढीला नव्याने तपासावे लागले, आणि आज ज्यांना आपण पक्कं मानतो तेही तपासावे लागतील. ते काम माझ्या वर्गातल्या मुलींनी आणि मुलांनी करावं, यासाठी मी त्यांना अंगठ्याचा दाब शिकवते.